ओठांवरची अरबी अर्थापर्यंत कशी न्यावी?

नागपुरातील मोमीनपुरा, हंसापुरी, जाफरनगर किंवा शेजारच्या कामठीतील मुस्लिम घरांत मूल पाच-सहा वर्षांचे झाले की त्याच्या हाती कायदा दिला जातो. हा कायदा म्हणजे अरबी अक्षरांची ओळख करून देणारी पुस्तिका. न्यायालयातील ‘कायदा’ आणि मकतबातील हा कायदा मुळात एकच अरबी शब्द असून ‘पाया’, ‘नियम’ असा त्याचा अर्थ आहे. सकाळी शाळेआधी किंवा सायंकाळी शाळेनंतर मूल अक्षरे, स्वरचिन्हे आणि जोडणी घोकते आणि दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत संपूर्ण कुराण पाहून वाचू लागते. या वाचनाला नाज़िरा म्हणतात. ते पूर्ण झाल्याच्या आनंदात नातेवाइकांना बोलावले जाते, मिठाई वाटली जाते आणि बहुतेकांच्या बाबतीत अरबीचे शिक्षण त्याच दिवशी संपते.

पुढची तीस-चाळीस वर्षे तोच माणूस रोज अरबीत नमाज अदा करतो. दिवसभरातील फर्ज नमाजांच्याच सतरा रकाती होतात आणि सात आयतींची फातिहा त्यांत वारंवार येते. उच्चार बिनचूक असतो, पाठांतर पक्के असते, पण एखाद्या शब्दाचा अर्थ नातवाने विचारला तर आजोबांना भाषांतराची प्रत शोधावी लागते. निवृत्तीनंतर, मुलांची लग्ने झाल्यावर किंवा हजला जाण्याचे निश्चित झाल्यावर ही उणीव अनेकांना प्रकर्षाने जाणवते. अरबी शिकण्याची इच्छा तेव्हा होते खरी, परंतु सुरुवात कोठून करावी, हे कळत नाही आणि चार-सहा महिन्यांत उत्साह ओसरतो.

यात मकतबाचा दोष नाही. शुद्ध पठण शिकवणे हाच मकतबाचा उद्देश असतो आणि तो साध्य झालेला असतो. अर्थ समजणे हा निराळा अभ्यास आहे, एवढे आधी मान्य केले पाहिजे. मात्र हा अभ्यास करू इच्छिणारा प्रौढ शून्यापासून सुरुवात करत नाही. परदेशी विद्यार्थ्याला ज्या लिपीसाठी कित्येक महिने घालवावे लागतात ती त्याला बालपणीच अवगत झालेली असते. शिवाय शेकडो अरबी शब्द तो मराठीत, हिंदीत आणि उर्दूत रोज वापरत असतो. हे भांडवल त्याला दाखवून दिले जात नाही, हीच खरी अडचण आहे.

कोणती अरबी?

अरबी ही एक भाषा असली तरी तिची तीन रूपे आहेत. पहिले रूप कुराण, हदीस आणि जुन्या ग्रंथांच्या अभिजात अरबीचे. दुसरे वृत्तपत्रे, बातम्या आणि सरकारी पत्रव्यवहार यांच्या आधुनिक प्रमाण अरबीचे. १८ डिसेंबर १९७३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आपल्या अधिकृत भाषांत समाविष्ट केली ती हीच. या दोहोंचे व्याकरण जवळपास सारखे आहे. तिसरे रूप बोलींचे. कैरोचा दुकानदार, दुबईचा टॅक्सीचालक आणि मोरोक्कोची गृहिणी घरात जे बोलतात त्यात इतका फरक असतो की कधी कधी त्यांनाही एकमेकांचे बोलणे सहज उमगत नाही.

ज्याला नमाज आणि कुराण समजून घ्यायचे आहे, त्याने पहिल्या रूपाचा मार्ग धरावा. विमानतळावरील संभाषणे शिकवणाऱ्या वर्गात त्याने वर्ष घालवू नये. उलट, ज्याला आखाती देशात नोकरीसाठी जायचे आहे त्याने अभिजात व्याकरणाच्या मागे लागण्यापेक्षा तेथील बोलीतील दोनशे-तीनशे वाक्ये आणि फलक वाचण्यापुरती प्रमाण अरबी शिकावी. दोन्ही हेतू एकाच वर्गात साधण्याचा प्रयत्न बहुधा दोन्हीकडे अपुरा पडतो. म्हणूनच वर्गात नाव घालण्यापूर्वी शिक्षकाला एक प्रश्न अवश्य विचारावा : येथे उच्चारशास्त्र म्हणजे तजवीद शिकवली जाते, की अर्थ आणि व्याकरण? ‘अरबी क्लास’ या एकाच पाटीखाली दोन्ही चालतात.

उर्दूचा उंबरठा

विदर्भात आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. नागपूर परिसरात अरबी शिकवण्याचे माध्यम प्रामुख्याने उर्दू आहे. शब्दार्थ, व्याकरणाची परिभाषा, शब्दकोश सारे उर्दूत. मोमीनपुऱ्यातील उर्दू शाळेत शिकलेल्याला हे सोयीचे असते. पण तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेल्या, घरी हिंदी बोलणाऱ्या आणि उर्दू लिपी जेमतेम ओळखणाऱ्या मुस्लिमांची संख्याही थोडी नाही. अशा माणसाला एक भाषा शिकण्यासाठी आधी दुसरी शिकावी लागते आणि वर्गात त्याला उगाच मागे पडल्यासारखे वाटते.

त्याने खचून जाण्याचे कारण नाही. उर्दूची जाण हा फायदा आहे, पण ती अट नव्हे. किंबहुना आठवी ते दहावी संस्कृत घेतलेल्या मराठी विद्यार्थ्याला अरबी व्याकरणाच्या काही गोष्टी उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळू शकतात. संस्कृतात धातूपासून शब्द घडतात, तसे अरबीत बहुधा तीन व्यंजनांच्या मूळापासून घडतात. संस्कृतातले द्विवचन मराठीत उरले नाही, उर्दूतही नाही, अरबीत मात्र आहे. एक पुस्तक ‘किताब’, दोन पुस्तके ‘किताबान’, अनेक ‘कुतुब’. विभक्तीनुसार शब्दाचा शेवट बदलतो, हेही संस्कृतासारखेच. फरक एवढाच की अरबीत आठ विभक्ती नसून तीन अवस्था आहेत आणि त्या बहुधा शेवटच्या उ, अ, इ या स्वरांनी दाखवल्या जातात.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक पथ्य मात्र पाळावे. देवनागरीत छापलेल्या कुराणाच्या किंवा दुआंच्या पुस्तकांवर फार काळ विसंबू नये. नुक्ता देऊन क आणि क़, ज आणि ज़ वेगळे दाखवता येतात, पण अरबीतील से, सीन आणि स्वाद या तिन्ही अक्षरांसाठी देवनागरीत एकच स आहे. ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय या चौघांसाठी एकच ज़ उरतो. दोन निरनिराळे ह एकाच अक्षरात मिसळतात. उच्चाराबरोबर अर्थही बिघडतो. घशाच्या टोकाशी उच्चारलेला ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि साध्या क ने उच्चारलेला ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, हे उदाहरण प्रत्येक शिक्षक देतो, ते उगाच नव्हे. मराठी जिभेला ज़ उच्चारतानाही सावध राहावे लागते. ‘जहाज’, ‘जग’ या शब्दांतील आपला दंततालव्य ज त्याच्या जवळ जातो, पण तोच नव्हे. ज़ मध्ये जीभ दातांमागे टेकत नाही, हवा सलग वाहते. कान तयार करण्यासाठी इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी (१९१७-१९८०) यांचे संथ, सुस्पष्ट पठण ऐकण्याचा सल्ला जगभर दिला जातो आणि नवशिक्यासाठी तो रास्तच आहे.

घरातच असलेला शब्दकोश

अरबी शिकताना धडकी भरते ती शब्दसंख्येची. पण मराठीच्या बोलण्यात किती अरबी शब्द आहेत, याची यादी करायला बसले तर वही अपुरी पडेल. अर्ज, वकील, मालक, वारस, हक्क, हुकूम, हिशेब, तारीख, खर्च, फायदा, मदत, जबाब, किल्ला. शिवकाळात ‘राजव्यवहारकोश’ रचून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला, इतके ते राज्यकारभारात रुजले होते. नागपूरकर तर आपल्या शहराच्या वस्त्यांची नावे घेतानाही अरबी बोलतात. ‘सदर’ म्हणजे अरबीत छाती, आणि त्यावरून पुढचे किंवा मुख्य स्थान. ‘महाल’ हा उतरण्याच्या, मुक्कामाच्या जागेचा वाचक असून ‘मोहल्ला’ त्याच मूळाचा.

शब्द सुटे पाठ करण्याऐवजी मूळानुसार गटाने शिकावेत. ह-क-म या मूळातून हुकूम, हाकीम, हुकूमत आणि शहाणपणाचा अर्थ असलेला हिकमत हे शब्द आले. व-क-ल मधून वकील, वकालत, मुवक्किल. ह-स-ल मधून हासील, महसूल आणि तहसील, त्यामुळे सिव्हिल लाइन्समधील महसुली कचेरीची पाटी हा एका धातूचा चालता-बोलता धडाच ठरतो. अरबी शब्दकोशही अकारविल्हे नव्हे, तर मूळानुसार लावलेले असतात. ‘मकतब’ हा शब्द म मध्ये सापडत नाही, तो क-त-ब खाली पाहावा लागतो. ज्याला मूळ ओळखता येत नाही, त्याच्या हाती उत्तम कोश दिला तरी तो बंदच राहतो.

अरबीतील अनेकवचने हा नवशिक्यांना त्रास देणारा भाग. शब्दाला प्रत्यय लागण्याऐवजी त्याचा आतला साचाच मोडतो. मात्र मराठीने अशी कित्येक अनेकवचने नकळत स्वीकारली आहेत. ‘अहवाल’ हे ‘हाल’चे अनेकवचन, ‘उमराव’ हे ‘अमीर’च्या अनेकवचनावरून आलेले, ‘नबाब’ हे ‘नायब’च्या. आणि ‘अफवा’ हा शब्द तर ‘तोंड’ या अर्थाच्या अरबी शब्दाचे अनेकवचन आहे. अफवेला तोंडे अनेक असतात, हे अरबांनी व्याकरणातच नोंदवून ठेवलेले दिसते.

या ओळखीच्या शब्दांचा एक धोकाही आहे आणि तो उर्दू जाणणाऱ्याला अधिक. शब्द ओळखीचा वाटला की अर्थही ओळखीचाच आहे असे गृहीत धरले जाते. अरबीत ‘तक्रार’ म्हणजे पुनरावृत्ती, गाऱ्हाणे नव्हे. ‘गरीब’ म्हणजे परका किंवा विलक्षण. ‘हरकत’ म्हणजे हालचाल, आणि कायद्यातील ज़बर, ज़ेर, पेश या स्वरचिन्हांनाही अरबीत हरकतच म्हणतात. बाजारात अशी चूक झाली तर हसून सोडून देता येते, धर्मग्रंथात मात्र ती महागात पडते. ‘दीन’ म्हणजे धर्म असे प्रत्येकाला ठाऊक असते, परंतु फातिहेत तो शब्द ‘यौम’ म्हणजे दिवस या शब्दाला जोडून येतो, तेथे तो कर्मफलाचा, निवाड्याचा दिवस असतो. ‘फितना’ म्हणजे उर्दूत उपद्रव, तर कुराणात संपत्ती आणि संतती यांनाही फितना म्हटले आहे, कारण तेथे त्याचा अर्थ कसोटी असा आहे. हा एक शब्द नीट कळला तरी अरबी शिकण्याचे श्रम कशासाठी, याचे उत्तर मिळते.

एका नावातील व्याकरण

व्याकरण म्हणताच मदरशातील दर्स-ए-निज़ामीची आठवण होते. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निज़ामुद्दीन यांच्या नावाने रूढ झालेला हा अभ्यासक्रम शब्दरूपांच्या आणि वाक्यरचनेच्या जुन्या ग्रंथांपासून सुरू होतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याला तो पंडित बनवतो. दुकान किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढाने मात्र चौदा-चौदा रूपांचे तक्ते पाठ करण्यापासून आरंभ करू नये. त्याने आपल्या तोंडी असलेल्या शब्दांकडे पाहावे.

नागपूरचा प्रत्येक रिक्षावाला घेतो ते नाव पाहा : ताजुद्दीन. कामठीत जन्मलेल्या आणि १९२५ मध्ये निवर्तलेल्या ताजुद्दीन बाबांच्या या नावात अरबीचे तीन नियम आहेत. ‘ताज’ आणि ‘दीन’ यांच्यामध्ये ‘अल’ हे निश्चित उपपद आहे. द पुढे आल्याने त्यातील ल लोप पावून द चे द्वित्व झाले, म्हणून ‘ताजुलदीन’ न होता ‘ताजुद्दीन’ झाले. मधला उ हा कर्त्याच्या अवस्थेचा स्वर. आणि दोन नामे अशी लागून आली की पहिले दुसऱ्याचे होते : धर्माचा मुकुट. हेच तीन नियम शम्सुद्दीन, अब्दुर्रहमान, नूरुन्निसा या नावांना लावून पाहावेत. अब्दुल करीममध्ये ल का टिकला, याचेही उत्तर मिळेल : क समोर ल लोपत नाही.

मोहल्ल्यातील हजेरीपटावर आणखी धडे सापडतात. अकबर, अफज़ल, अशरफ, अमजद या नावांचा साचा एकच, आणि तो ‘अधिक’ किंवा ‘सर्वाधिक’ हा अर्थ दाखवतो. कबीर म्हणजे मोठा, अकबर म्हणजे त्याहून मोठा. महमूद, मन्सूर, मकसूद हे कर्मणी विशेषणाचे साचे, ‘मजकूर’, ‘मंजूर’ हे मराठी शब्दही त्यातलेच. कासिम, नासिर, साबिर हे क्रिया करणाऱ्याचे, ‘मालक’ आणि ‘वारस’ मूळ रूपात त्याच रांगेतले. सलीमची सलीमा आणि जमीलची जमीला झाली की स्त्रीलिंगाचा प्रत्ययही शिकून होतो. राहिले विभक्तीचे. ‘अल्लाहु अकबर’ म्हणताना उ, ‘बिस्मिल्लाहि’मध्ये इ, आणि क्षमा मागताना ‘अस्तग़फ़िरुल्लाह’ पूर्ण उच्चारला तर शेवटी अ. एकच नाम, तीन अवस्था : कर्ता, संबंध, कर्म. पन्नास वर्षे अचूक उच्चारलेले व्याकरण फक्त ओळखायचे राहिलेले असते.

पुस्तके आणि शिक्षक

पुस्तकांची निवड थोडी असावी. तामिळनाडूतील वाणियंबाडीत जन्मलेले आणि मदीनेच्या इस्लामी विद्यापीठात अध्यापन केलेले डॉ. व्ही. अब्दुर रहीम (निधन २०२३) यांचे तीन भागांतील ‘दुरूसुल लुग़तिल अरबिय्या’ हे गैरअरबांसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक आज जगभर वापरले जाते. एका भारतीयाने लिहिलेले असल्यामुळे की काय, आपल्याकडील विद्यार्थी कोठे अडेल हे त्याला आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते. ते पहिला भाग संपेपर्यंत सोडू नये. त्यानंतर मौलाना अबुल हसन अली नदवी यांनी मुलांसाठी सोप्या अरबीत लिहिलेल्या प्रेषितांच्या कथा, ‘कससुन्नबिय्यीन’, वाचाव्यात. कथा आधीच ठाऊक असल्याने शब्दकोशाची गरज कमी पडते. इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठात तयार झालेला कुराणाचा शब्दसंग्रह इंटरनेटवर विनामूल्य आहे. त्यात प्रत्येक शब्दाचे मूळ आणि व्याकरण दिलेले आहे. ‘म्हणणे’ या अर्थाचे क़-व-ल हे एकच मूळ कुराणात १,७२२ वेळा येते, हे त्यावरून कळते. अशी वारंवार येणारी मुळे आणि ‘मिन’, ‘फी’, ‘इला’, ‘अला’ यांसारखी अव्यये आधी शिकली तर प्रत्येक पानावर ओळखीचे काही ना काही भेटत राहते.

ज्यांना प्रमाणपत्र हवे आहे, त्यांच्यासाठी राज्य मंडळाच्या परीक्षांत अरबी हा भाषाविषय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने व्यावहारिक अरबीचे अभ्यासक्रम देशभरातील केंद्रांतून चालवले आहेत. जवळचे केंद्र प्रत्यक्ष सुरू आहे की नाही, याची खात्री मात्र शुल्क भरण्यापूर्वी करावी.

शिक्षकाविना एकट्याने शिकणे शक्य आहे, पण लांबचे. मशिदीतील इमामसाहेब किंवा शेजारच्या मदरशातील एखादे आलिम आठवड्यातून दोनदा अर्धा तास द्यायला बहुधा नाही म्हणत नाहीत. अडचण मागणाऱ्याच्या संकोचाची असते. या वयात अलिफ-बे? ज्यांना असे वाटते त्यांनी वर्ध्याजवळच्या पवनारची आठवण ठेवावी. आचार्य विनोबा भावे यांनी अरबीचा अभ्यास केला तेव्हा ते चाळिशीत होते आणि त्यांना मकतबाचा आधारही नव्हता. कुराण मुळातून वाचून, त्यातील वचने निवडून त्यांनी ‘कुराण-सार’ सिद्ध केले आणि १९६० च्या दशकात ते प्रसिद्ध झाले. सेवाग्राममध्ये त्यांचे पठण ऐकून मौलाना आज़ाद त्यांच्या उच्चारांनी थक्क झाल्याची आठवण सांगितली जाते.

स्त्रियांच्या बाबतीत वेळ आणि जागा या दोन्हींचा प्रश्न असतो. दुपारी तीन-चार घरच्या बायकांनी एकीच्या घरी जमून एक पुस्तक पुढे नेणे, हा उपाय वर्गापेक्षा अधिक टिकतो. ज्या मुलींनी मदरशात आलिमाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे त्या लग्नानंतर घरात असतात. त्यांच्याइतका जवळचा शिक्षक मिळणे कठीण.

प्रवासापुरते

नागपूर विमानतळावरून हजयात्रेची विमाने सुटत आली आहेत, आणि यात्रेकरूंना सर्वप्रथम गोंधळात टाकतात ते अंक. अरबी पाचचा आकडा मराठी शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. पंधरा रियालची पाटी मराठी डोळ्याला दहाची वाटते. शब्द उजवीकडून डावीकडे वाचले तरी संख्या डावीकडूनच वाचायची. दारांना ‘बाब’ म्हणतात. मराठीत ‘ही वेगळी बाब’ म्हणतो तो शब्द हाच. मशिदीत शिरताना बाबचे नाव आणि क्रमांक पाहून ठेवावा, बाहेर पडल्यावर सोबत्यांची चुकामूक टळते. ‘ममनू’ दिसले की मनाई, मूळ तेच. आणि रस्त्यावर ‘मखरज’ लिहिलेले दिसले तर तजवीदच्या वर्गातील मखरज आठवावा : तेथे तो ध्वनी बाहेर पडण्याची जागा होता, येथे माणसे बाहेर पडण्याची.

घरी परतल्यावर किंवा मुळात घरीच राहून शिकणाऱ्याने रोजची वीस मिनिटे ठरवावीत, फजरनंतरची मिळाली तर उत्तम. पहिल्या महिन्यात फक्त फातिहा आणि नमाजेत नेहमी म्हटल्या जाणाऱ्या चार लहान सूरा घ्याव्यात. वहीच्या डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर मूळ आणि त्याच मूळाचा एखादा मराठी किंवा उर्दू शब्द हाताने लिहावा. भाषांतर शेवटी पाहावे, आधी नव्हे. धार्मिक निर्णयांचा प्रश्न आला की चार महिन्यांच्या अरबीवर विसंबू नये, तो जाणत्या आलिमांकडेच न्यावा. पुढे रमज़ानमध्ये तरावीहला जाण्यापूर्वी त्या रात्री पठण होणाऱ्या भागातील एखादीच कथा, युसुफांची किंवा मूसांची, शब्दार्थासह वाचून जावी. इमामाच्या वेगवान पठणात सगळे कळणार नाही. पहिल्या वर्षी दहा-बारा शब्द कानाला लागले तरी पुरेत, त्यांची नोंद दुसऱ्या दिवशी वहीत करावी.